हिरव्या साबणाने घासलेला डबा

नॉर्वेतल्या बर्गन शहरात, सांदविकेनच्या चढावर एकशे बारा पायऱ्या चढून गेलं की डाव्या हाताला तोरुन मिक्लेबुस्तचं दुकान लागतं. दारावर पाटी आहे, 'निस्ते', म्हणजे शिदोरी. आत सहा टेबलं आणि भिंतीलगत एक बाक. जेवण एकच, जपानी धर्तीचं, लाकडी डब्यातलं. आज काय केलंय म्हणून विचारायची सोय नाही. विचारलंच कुणी, तर तोरुन म्हणणार, "झाकण दिलंय ना? उघड मग!" एकदा एक धर्मगुरू आले होते, त्यांनाही हेच ऐकावं लागलं. त्यांनी मुकाट्याने उघडलं.

झाकण उघडलं की माणूस गप्प होतो. बर्गनचा माणूस तसा गप्पच असतो म्हणा, पण हे गप्प होणं निराळं. मे महिन्यात भातावर रानलसणीची पांढरी फुलं आणि खाली कोवळ्या खाजकुइरीची भाजी. जूनमध्ये मटार, कोवळे बटाटे. आणि जानेवारीत, जेव्हा आमच्याकडे जमिनीतून दगडाशिवाय काही निघत नाही, तेव्हा नुसता पिवळा सलगम. पण सात तऱ्हांचा! खारवलेला, आंबवलेला, परतलेला, किसलेला, आणि एक चकती तर इतकी पातळ की तिच्यातून खिडकी दिसावी. ज्या कंदाला आम्ही जन्मभर नाकं मुरडली, तो असा समोर आला की खरंच हात जोडावेसे वाटतात. बाई जपानला कधी गेलेली नाही. विमानाला ती भिते.

आमच्या लोकांना दुपारचं जेवण विकत घ्यायची सवय नाही. घरून काळ्या पावाच्या तीन चकत्या, वर तपकिरी चीज, दोन चकत्यांच्या मध्ये चकतीच्याच मापाचा कागद, आणि वरून पुडी. शाळेपासून पेन्शनपर्यंत तेच. त्यामुळे नऊ वर्षांपूर्वी दुकान उघडलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक म्हणून स्वेर्रे आला तो स्वतःची पुडी खिशात घेऊन. स्वेर्रे म्हणजे बंदरातल्या टगबोटीचा निवृत्त कप्तान, तेव्हा सत्तरीचा. कॉफी घ्यायची, टेबलाखाली हात घालून पाव खायचा, आणि शेजाऱ्याच्या डब्यात टक लावून बघायचं. हे दोन वर्षं चाललं.

"अरे बाबा, एकदा खाऊन तरी बघ," तोरुन म्हणायची.

"मला बघायला आवडतं. खाल्लं की संपतं."

एके दिवशी तिने टेबलाखाली हात घातला, त्याची पुडी काढून घेतली आणि डबा समोर आपटला. स्वेर्रेने खाल्लं. वर म्हणाला, "वाईट नाही." आमच्याकडे याहून मोठी स्तुती कुणी कुणाची केलेली नाही. तेव्हापासून रोज येतो, आणि जेवणानंतर बिनबोलता डबे पुसत बसतो.

तर या तोरुनला परवाच्या ऑक्टोबरात एक पत्र आलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

पत्र कानाए नावाच्या जपानी बाईचं होतं. वर्तमानपत्रात दुकानाबद्दल छापून आलं होतं, ते तिने वाचलं होतं. लिहिलं होतं, 'तुम्ही मुलाखतीत ज्यांचं नाव घेतलंत ते हागिवारा माझे वडील. आता एक्याऐंशीचे आहेत. त्यांना मोलॉय बंदर पुन्हा बघायचंय, बांगड्याच्या हंगामातच. वाटेत गुरुवारी तुमच्याकडे जेवायला येऊ. वडिलांना तुम्ही चांगल्या आठवता.'

डब्याबद्दल एक अक्षर नव्हतं. तेच तिला जास्त लागलं.

ही गोष्ट अडतीस वर्षांपूर्वीची, शहाऐंशी सालची. तोरुन तेव्हा बावीसची, मोलॉयच्या मासळी कारखान्यात बांगडे पेटीत भरायच्या कामावर. माल जायचा जपानला, म्हणून दर पानगळीला तिकडून एक माणूस यायचा, मासे पास करायला. हा हागिवारा. त्रेचाळीसचा, किरकोळ, पांढऱ्या बुटांचा. बांगड्याच्या पोटावर अंगठा दाबायचा, डोळ्यात बघायचा, आणि मान हलवली की अख्खी पेटी बाद. सगळे त्याला टरकून असत. पाठीमागे 'हागी' म्हणत, समोर कुणी काहीच म्हणत नसे.

जेवणाच्या सुट्टीत मात्र तो मुलींच्याच टेबलाच्या टोकाला बसायचा, कारण खिडकी तिथे होती. पिशवीतून लाकडी डबा काढायचा. पातळ फळी वाकवून, टोकं सालीने शिवलेला, लांबट गोल. तोरुनने पहिल्या दिवशी मान वाकडी करून आत बघितलं, आणि हातातला पाव हातातच राहिला.

भात होता. भातावर बांगड्याचा एकच तुकडा, कातडी वर. बाजूला गाजर, आणि कोपऱ्यात एक लाल पान. बस, इतकंच. पण सकाळपासून ज्या बांगड्यांचे ढीगच्या ढीग तिने न बघता पेटीत फेकले होते, त्याच बांगड्याची ती पाठ होती. निळी, हिरवी, मध्येच काळ्या शाईने ओढल्यासारख्या रेघा. आई गं, हा एवढा देखणा असतो? आणि ते पान! कारखान्याच्या मागच्या भिंतीला रोवनचं झाड होतं. लाल फळांचे गुच्छ लागतात ते. त्याच्याखाली तिने सायकल लावलेली, त्याच्याखाली रडलेली, त्याच्याखाली पहिला मुका घेतलेला. पण त्याचं पान लाल होतं हे तिला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. एका परक्या माणसाने येऊन सांगितलं, तेही न बोलता.

त्या दिवसापासून ती रोज बघायची. तो डबा तिच्याकडे जरासा वळवून ठेवायचा. त्याला नॉर्वेजियन पंधरा शब्द येत, त्यांतले दहा माशांचे. बोलणं असं झालंच नाही.

मग हंगामाच्या शेवटी तोरुनचे वडील गेले. हृदय बंद पडलं, जिन्यातच. आई आधीच गेलेली, घरात हीच एकटी. चौथ्या दिवशी ती कामावर आली, कारण घर खायला उठत होतं. सुट्टीत बसली तर समोर काहीच नाही. पुडी बांधायची राहिलीच होती. हागिवाराने स्वतःचा डबा सरकवत सरकवत तिच्यापुढे आणून ठेवला, उठला, आणि कँटीनमधला कोरडा पाव घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसला. तिने खाल्लं. चार दिवसांत पहिल्यांदा तिच्या पोटात अन्न गेलं, आणि पहिल्यांदा ती रडली.

आता दुसऱ्याचा डबा खरकटा कसा द्यायचा? पोरीला वळण होतं. घरी नेला आणि आमच्याकडची कुठलीही शहाणी मुलगी जे करेल तेच तिने केलं. हिरव्या साबणाने घासला. आमच्या घरात जमीन, भिंत, भांडं, होडी, सगळं त्या साबणाने घासतात, आजारी माणूसही त्याच्या वासाने बरा होतो असा समज आहे. ती तारेच्या चोथ्याने घासत बसली, वरून उकळतं पाणी ओतलं, आणि लवकर वाळावा म्हणून शेगडीवर ठेवला. रात्रभरात फळी उलगडली. शिवण तुटली, तळ निसटला, लाकडाला पांढरट खवले आले, आणि देवदाराचा तो गोड वास जाऊन डब्याला धुतलेल्या जिन्यासारखा वास यायला लागला.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, विसरले. तिसऱ्या दिवशीही विसरले. हागिवारा मान हलवून गेला आणि त्यानंतर तिच्या टेबलाकडे फिरकलाच नाही. लांबच्या टेबलावर पाठ करून बसायचा, मार्जरीनच्या प्लॅस्टिकच्या डबीत भात घेऊन. चार दिवस. पाचव्या दिवशी हंगाम संपला आणि तो गेला. त्याला किती राग आला असेल, हे ती त्या मार्जरीनच्या डबीवरून समजली.

पुढे ती बर्गनला आली, इस्पितळाच्या मुदपाकखान्यात सव्वीस वर्षं करड्या रंगाचे मत्स्यगोळे उकळले. तो मोडका डबा प्रत्येक बिऱ्हाडात बरोबर. एकदा सुट्टीत गावी गेली तेव्हा आंदेर्सकाकाकडे घेऊन गेली. काका आमच्याकडचे जुन्या पद्धतीचे 'तीना' करायचा, तेही फळी वाकवून शिवलेलेच डबे, पूर्वी बाळंतिणीला खायला न्यायचे ते. काकाने डबा उलटासुलटा करून बघितला, कितीतरी वेळ हातातून सोडवेना. म्हणाला, "हा मला दुरुस्त नाही व्हायचा. पण हा केला कुणी? माझ्यासारखाच कुणी येडा दिसतोय." आणि तिने न मागता त्याने तसाच एक नवा करून दिला. मग दुसरा. मरेपर्यंत चाळीस केले. चाळीस डबे घरात आल्यावर बाई काय करणार? दुकान काढलं.

म्हणजे बघा, आम्ही ज्याच्यापुढे मान तुकवतो ते सगळं तिच्या एका खोटेपणातून उभं राहिलं होतं, आणि हे फक्त तिला ठाऊक होतं. मुलाखतीत तिने हागिवारांचं नाव घेतलं, रोवनचं पान सांगितलं, सगळं सांगितलं. डब्याचं तेवढं गिळलं. आता गुरुवारी तो डबा त्या माणसासमोर ठेवायचा की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाने तिची झोप उडाली.

मंगळवारी तिने स्वेर्रेला थांबवून घेतलं.

"एक दाखवायचंय. हसलास तर उद्यापासून कॉफी बंद."

"मी कधी हसतो?"

तिने फडक्यातून तो डबा काढला. स्वेर्रेने चष्मा लावला. "हे कुत्र्याने चावलं का?"

"मी घासलाय. हिरव्या साबणाने, तारेने. वर उकळतं पाणी."

"मग बरोबरच केलंस की. दुसऱ्या कशाने घासणार?"

तिने सगळं सांगितलं. स्वेर्रे हसला नाही, पण त्याने विचारही फार केला नाही. "आंदेर्सच्या चाळीसातला एक दे. शिवण तीच, आकार तोच. एक्याऐंशीचा म्हातारा, त्याला काय कळतंय! म्हण, जपून ठेवला होता. तोही खूश, तूही सुटलीस."

तिने त्याला हाकललं. पण बुधवारी दुकान बंद झाल्यावर त्यातल्या त्यात जुना डबा काढला, कडक कॉफी केली, आणि जुनेपणाचा रंग यावा म्हणून फडक्याने चोळायला बसली. चांगला वठत होता रंग. पाचेक मिनिटांनी तिचं स्वतःच्या हातांकडे लक्ष गेलं. अरे देवा! पुन्हा घासतेच आहे मी. साठ वर्षांची झाले, पण लाज वाटली की घासत सुटायचं हे काही सुटलं नाही. तिने फडकं मोरीत भिरकावलं.

मोडकाच द्यायचा, हे ठरलं. पण रिकामा कसा द्यायचा? तिची आजी नूरफ्योर्दची. बाळंतिणीकडून तीना परत यायचा तो कधी रिकामा नसायचा. निदान चार अंडी, सुताचं एखादं रीळ. रिकामा तीना म्हणजे घरावर रुसवा, असं आजी मानायची. आणि या डब्यात घालणार काय? तळाला बोट जाईल एवढी फट. भात घातला तर गळेल, लोणच्याचं पाणी थेट मांडीवर.

गुरुवारी सकाळी बांगडा भाजता भाजता तिला एकदम उमगलं, आणि ती शेगडी तशीच सोडून समोरच्या दुकानात पाव आणायला पळाली.

हागिवारा बरोबर साडेअकराला आले. एकशे बारा पायऱ्या काठी टेकत चढले, दर वीस पायऱ्यांवर थांबून. अंगात राखाडी कोट, पायात पांढरे बूट. मागे कानाए, पन्नाशीची, हसऱ्या चेहऱ्याची. दुकान गच्च भरलं होतं. सगळे अर्थातच योगायोगाने आलेले, आणि सगळे कपातच बघत होते. स्वेर्रेने टाय बांधला होता.

तोरुनने रोजचा डबा समोर ठेवला. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी झाकण उचललं. भात, बांगड्याचा एक तुकडा कातडी वर, सलगमची ती पातळ चकती, लाल बेरी, आणि कोपऱ्यात रोवनचं पान. तो बघतच राहिला. डोळे पानावर.

आता नाही तर कधीच नाही, असं वाटून तोरुनने फडक्यातला डबा त्याच्या हाताशी ठेवला आणि भडाभडा बोलायला लागली. "हा तुमचा. मी विसरले नव्हते, खोटं बोलले होते. धुवायला गेले आणि वाट लावली. तेव्हाच सांगायला हवं होतं. अडतीस वर्षं झाली, मला फार लाज वाटते हो." कानाएने ते वडिलांच्या कानात सांगितलं.

म्हाताऱ्याने फडकं सोडलं. शिवणीवरून अंगठा फिरवला, अगदी बांगड्याच्या पोटावरून फिरवायचा तसाच. तोरुनला वाटलं, आता मान हलणार आणि आपण बाद. त्याने डबा नाकाशी नेला, हुंगला आणि त्याच्या पंधरा शब्दांतला एक शब्द काढला.

"साबण?"

"साबण," तोरुन म्हणाली.

म्हातारा जो हसायला लागला तो थांबेना. कानाएही हसत म्हणाली, "याच्या आधीचा डबा माझ्या आईने असाच घालवला होता. लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात."

मग त्याने झाकण काढलं. आत काळ्या पावाच्या तीन चकत्या, वर तपकिरी चीज, प्रत्येक दोन चकत्यांमध्ये कागद. तोरुन म्हणाली, "त्या दिवशी मी पुडी आणली नव्हती. म्हणून तुम्ही कोरडा पाव खाल्लात. ती माझी पुडी ही."

म्हाताऱ्याचं हसू थांबलं. मग हळूहळू बोलायला लागला, मुलीकडे न बघता, तोरुनकडे बघून, आणि कानाए मागोमाग सांगत गेली.

"ते म्हणतात, आमच्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. काहीतरी घालूनच देतात. मी डबा मागितला असता तर तुम्हाला तो भरावा लागला असता. घरात मरण झालेलं, करणारं कुणी नाही, चूल पेटतेय की नाही तेही ठाऊक नाही. अशा घरी डबा कसा मागायचा? तुम्ही विसरले म्हणालात तेव्हा मला वाटलं, भरायला काही नसेल म्हणून ओशाळली आहे. पुन्हा समोर बसलो तर पुन्हा ओशाळेल. म्हणून टेबल बदललं."

तोरुन उभी होती ती शेजारच्या खुर्चीवर बसली. तिला ते टेबल दिसत होतं, ती पाठ, ती पिवळी डबी. ज्याला ती इतकी वर्षं राग समजत होती, ती त्या माणसाची माया होती. आणि केवढी! पाठ करून बसायचं, स्वतः वाईट दिसायचं, आणि सात समुद्रांपलीकडे निघून जायचं, पण एका पोरीला लाज वाटू द्यायची नाही. असं माणूस करू शकतो? तिने तर कुणाला नुसता जिना पुसायला मदत केली तरी ती चार जणांना सांगायची.

"आणि तुम्ही मार्जरीनच्या डबीत जेवलात," ती कशीबशी म्हणाली.

कानाएने विचारून सांगितलं, "म्हणतात, भाताला फार घाण वास यायचा."

दुकानात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने हसलं. तो स्वेर्रे होता. हसता हसताच त्याने टायने डोळे पुसले. "बरं झालं माझं ऐकलं नाहीस," तो तिला हळूच म्हणाला.

हागिवारांनी आधी पाव खाल्ला. बांगडा निवत होता तरी. तिन्ही चकत्या, एकही तुकडा न सांडता, आणि प्रत्येक कागद चार घड्या घालून बाजूला ठेवत. मग बांगडा. शेवटचा भाताचा कण टिपल्यावर मोडक्या डब्यावर झाकण ठेवून, तो उचलून काठी टेकत दाराबाहेर गेले. कानाए उठायला लागली, त्यांनी हातानेच बस म्हटलं.

आम्ही सगळे खिडकीला चिकटलो. म्हातारा चार पायऱ्या उतरला, कठड्याशी वाकलेल्या रोवनखाली थांबला आणि वर बघत राहिला. एक फांदी वाकवली, सोडली. दुसरी वाकवली. पान पसंत पडायला वेळ लागला, तपासनीस होता शेवटी. मग ते डब्यात ठेवलं, चार पायऱ्या चढून आत आला आणि डबा दोन्ही हातांनी तोरुनपुढे धरला.

तिने घेतला. तोही दोन्ही हातांनीच.

म्हातारा मुलीला काहीतरी म्हणाला. कानाएला हसू आवरेना.

"ते म्हणतात, डबा तुमचाच. फक्त या वेळी धुवू नका."